टोपी आकसली नव्हती

घाबरू नका, मित्रांनो. मला उलटी केलीत तर आत सगळं काळं दिसेल. ती बुरशी नाही आणि मळही नाही. तो केसांचा रंग आहे. बाहेरून मात्र मी अजून पिवळी आहे. पूर्वीइतकी झगझगीत नाही, पण लांबून ओळखू येण्याइतकी नक्कीच. कपाळाजवळ माझ्यावर सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आहे. मी एक जुनी रबरी टोपी, पोहताना डोक्यावर ताणून चढवतात ना, ती! ठिगळ कसं पडलं तेच मी आज सांगणार आहे. ऐकता ऐकता एक करा. अधूनमधून तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांकडे नजर टाकत राहा. का, ते शेवटी सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे डोक्यांची रांग होती. खरी डोकी नव्हेत हो, धातूची! नाक नाही, डोळे नाहीत, नुसती चकचकीत टकलं एका दांड्याला उलटी टांगलेली. ती पातळ रबराच्या हौदात बुडायची आणि वर येताना प्रत्येकावर एकेक टोपी चढलेली असायची. मग गरम हवा, मग पावडर, मग एक बाई आम्हाला फर्रकन ओढून काढायची. त्या बाईने मला दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरलं, कुठे भोक नाही ना ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "रबराचं बरं असतं बाई. म्हातारं झालं तर सैल पडेल, चिरेल, पण आकसून कुणाचं डोकं आवळणार नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं. पण टोपीला तोंड नसतं, त्यामुळे वेळ आली तेव्हा मला ते कुणाला सांगता आलं नाही.

कारखान्यातून मी एका पोहण्याच्या तलावावर आले. तिथे पोहणाऱ्या मुलांच्या टोप्या निळ्या आणि जीवरक्षकाची तेवढी पिवळी. गर्दीत पटकन दिसावी म्हणून. माझ्या जीवरक्षकाला सगळी मुलं शिट्टीसर म्हणायची, कारण त्यांच्या गळ्यात कायम एक धातूची शिट्टी लोंबकळत असे. जेवतानासुद्धा! तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते आणि इतके दाट, की मला चढवायला त्यांना आरशासमोर कुस्ती करावी लागे.

काय दिवस होते ते! शिट्टीसर उंच खुर्चीत बसले की मी सगळ्या तलावाची राणी. खोल बाजूला कुणाचे हातपाय गळाठले, की मी आणि ते एकदमच पाण्यात. मी कानांवर घट्ट बसलेली, खाली निळं पाणी, वर पोरांचा कालवा एकदम बंद झालेला. मग आम्ही कुणाला तरी काखेत धरून वर यायचो, आणि काठावरून कुणीतरी ओरडायचं, "पिवळी टोपी आली! आता भिऊ नका!" मित्रांनो, टोपीला याहून मोठी शाबासकी कुठली मिळणार?

तलावाचे दोन नियम तुम्हाला आताच सांगते, कारण पुढे त्यांच्यावरच सगळं येऊन थांबणार आहे. पहिला नियम शिट्टीचा. तीन लांब शिट्ट्या झाल्या की सगळ्यांनी पाण्याबाहेर यायचं. कोणी मारल्या, का मारल्या, हे काठावर आल्यावर विचारायचं. दुसरा नियम रेघेचा. खोल बाजूच्या तळाला एक काळी रेघ रंगवलेली होती. रोज सकाळी दार उघडण्याआधी शिट्टीसर खुर्चीत चढून खाली बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "रेघ दिसली!" मगच वॉचमनकाका कुलूप काढायचे. पाणी गढूळ असलं, रेघ दिसली नाही, तर त्या दिवशी तलाव बंद. "ज्याला तळ दिसत नाही त्याने लोकांची पोरं सांभाळू नयेत," असं शिट्टीसर म्हणत. हे त्यांनी आपल्या लेकीलाही शिकवलं होतं.

ही लेक म्हणजे बेडकी. खरं नाव वेगळं होतं, पण पाण्यात ती पाय असे काही मारायची की बापाने तिचं बारसं परत केलं. लहानपणी ती मला डोक्यावर घालायची, मी तिच्या नाकापर्यंत खाली यायचे आणि ती आंधळ्यासारखी हात पुढे करून घरभर फिरायची. थोडी मोठी झाल्यावर मी डोळ्यांवर थांबू लागले. आठवीत गेली तेव्हा भुवयांवर. दर वाढदिवसाला ती मला घालून बघायची आणि ओरडायची, "बाबा, अजून मोठीच होते रे मला!" तिच्यासाठी मी एक मोजपट्टीच होते म्हणा ना.

आणि मग शिट्टीसरांच्या कानशिलांवर पहिले पांढरे केस आले.

त्याचं कुणाला काही नव्हतं. पण तलावावर नवे मॅनेजर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि केस असे काळे, जसे काही आत्ताच पेनाने काढलेत. पाण्याच्या जवळ ते कधी यायचे नाहीत. कुणी उडी मारली की दोन पावलं मागे! पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "पालक गेटवर काय बघतात? डोकं बघतात. पांढरं डोकं दिसलं की त्यांना वाटतं, हा आमच्या पोराला वाचवणार, की आमचं पोर ह्याला?"

सगळे हसले. शिट्टीसरही हसले. पण मी तेव्हा त्यांच्या मुठीत होते, आणि त्यांनी मला असं पिळलं की माझ्यातलं उरलंसुरलं पाणीही गळून गेलं.

त्या आठवड्यात घरी रंगाचा पहिला खोका आला. बेडकीने न्हाणीघरात बापाला स्टुलावर बसवलं, खांद्यावर जुनी चादर टाकली आणि जुन्या टूथब्रशने रंग लावायला घेतला. खोक्यात एक घडीचा कागद निघाला. त्यावर लिहिलं होतं, की आधी कानामागे थेंबभर लावा, दोन दिवस थांबा, खाज आली तर वापरू नका. "दोन दिवस कोण थांबतंय!" म्हणत शिट्टीसरांनी तो कागद पायाखाली अंथरला, फरशीवर डाग पडू नयेत म्हणून. केस धुतल्यावर बेडकीने शिट्टी मारली. "बाबा, तू तर माझा दादा दिसतोस!" बेडकीची आई दारात उभी होती. ती लाँड्रीत इस्त्री करायची. ती म्हणाली, "दिवसभर लोकांचे डाग काढायचे आणि घरी येऊन नवऱ्याचे. छान आहे माझं!" पण तीही हसत होती.

मित्रांनो, रंगवलेले केस आणि तलावाचं पाणी यांचं मुळीच जमत नाही. त्या पाण्यात क्लोरीन असतं. ते रंग खातं. थोड्याच दिवसांत शिट्टीसरांचं काळं डोकं तांबूस झालं आणि पोरं चेकाळली, "शिट्टीसर, गंज चढला!" वरचेवर खोका आणणं काही परवडणारं नव्हतं. म्हणून बापलेकीने युक्त्या शोधल्या, आणि खरं सांगते, त्यातल्या काही अगदी फक्कड होत्या. पाण्यात उतरण्याआधी शिट्टीसर डोकं साध्या नळाखाली भिजवायचे. "साध्या पाण्याने पोट भरलेल्या केसाला तलावाचं पाणी पिता येत नाही," असं त्यांचं म्हणणं. वरून तेलाचं बोट, त्यावर मी. बाहेर आल्यावर लगेच पुन्हा साधं पाणी, तेही गार. शाम्पू कमी. रंग लावायचा तोही सगळीकडे नाही, फक्त मुळांशी, जिथे पांढरं डोकावतं तिथे. अर्ध्या खोक्यात काम व्हायचं. मला तर उलट अभिमान वाटायचा, की रंग राखण्यात माझाही वाटा आहे.

पण माणसाला एक युक्ती साधली की तो दुसरीकडे जातो, आणि दुसरीवरून तिसरीकडे.

शिट्टीसरांना वाटलं, रंग जास्त वेळ ठेवला तर जास्त दिवस टिकेल. आणि डोकं बांधून ठेवलं तर आणखी मुरेल. मग काय, रंग लावल्यावर ते मला वरून चढवून बसू लागले. आधी चहा होईपर्यंत. मग जेवण होईपर्यंत. मग टीव्हीवरची मालिका संपेपर्यंत. तेव्हापासून मी आतून काळी झाले. पाण्याची राणी होते, ती न्हाणीघरातलं झाकण झाले. तेही मी सोसलं असतं. पण झाकणाला आतलं सगळं कळतं, हीच तर अडचण आहे.

पुढे खोकाही गेला. बाजारात एका टपरीवर सुटी काळी पूड मिळायची, कागदाच्या पुडीत बांधून. त्यावर नाव नाही, सूचना नाहीत, काहीच नाही. पाण्यात कालवली की डांबरासारखी काळी. "एवढ्याशा पुडीत दोनदा होतं!" शिट्टीसर खूश. पुडी उघडली तेव्हा आलेला तो वास मला अजून आठवतो. मी रबराची आहे, उग्र वासात जन्मलेली. मलाही तो नकोसा झाला.

आणि मग ती आली. खाज.

पहिल्यांदा आली तेव्हा रंग लावून बरेच दिवस झाले होते. उजव्या कानामागे, अगदी एवढीशी. शिट्टीसर खुर्चीत बसल्या बसल्या बोट घालून खाजवायचे. बेडकीने विचारलं, तर म्हणाले, "डास चावला असेल."

पुढच्या वेळी ती आणखी लवकर आली. त्याच्या पुढच्या वेळी दुसऱ्याच दिवशी. मित्रांनो, मला ते दिसत होतं. कुणीतरी जिना चढून वर येत असावं आणि दर वेळी त्याची पावलं जवळून ऐकू यावीत, तसं. कानामागची कातडी आधी लाल झाली, मग खरखरीत, मग ओलसर. सकाळी मला चढवताना शिट्टीसर दात आवळायचे. बेडकीची आई अभ्रे धुताना म्हणाली, "अहो, हे नुसते काळे डाग नाहीत. पिवळट काय आहे हे? डॉक्टरांना दाखवा ना."

"अगं, इतके दिवस लावतोय. व्हायचं असतं तर पहिल्यांदाच झालं नसतं का?"

"बाबा, थोडे दिवस बंद ठेव ना," बेडकी म्हणाली.

"ठेवतो की. परीक्षा होऊ दे फक्त."

परीक्षा ही मॅनेजरांची नवी कल्पना होती. जुन्या-नव्या सगळ्या जीवरक्षकांनी रविवारी सकाळी, पालकांच्या देखत, खोल बाजूच्या तळाशी टाकलेला रबरी पुतळा वर काढायचा. जमेल तो राहील. ज्याला जमणार नाही त्याची उंच खुर्ची दुसऱ्याला. नवी पोरं पिळदार अंगाची होती. शिट्टीसरांना पाण्याची भीती नव्हती. त्यांना भीती होती ती काठावर बसलेल्या डोळ्यांची. घर त्या खुर्चीवर चालत होतं. बेडकीची शाळाही.

म्हणून शनिवारी संध्याकाळी त्यांनी पुडी उघडली. या वेळी अर्धी नाही. अख्खी.

बेडकी म्हणाली, "बाबा, कान बघ तुझा. आज नको."

"बेडके, उद्या एक दिवस. मग तू म्हणशील तसं."

तिने लावला. हलक्या हाताने, कानापासून लांब. मग मी वरून चढले. खूप वेळ मी तशीच होते. आणि त्या संध्याकाळी, मित्रांनो, मी पहिल्यांदा घाबरले. माझ्या खालचं डोकं गरम होत होतं. तापलेल्या पातेल्यासारखं. कपाळावरची शीर माझ्या कडेला टकटक करत होती. आणि मग मला जाणवलं, की मी ताणली जाते आहे. कुणी ओढत नव्हतं. माझ्या आत काहीतरी हळूहळू वाढत होतं.

शिट्टीसरांनी बोट घालून माझी कड सैल केली. "आकसली ही म्हातारी," ते म्हणाले. "नवी टोपी घ्यायला हवी."

मी आकसले नव्हते! त्या कारखान्यातल्या बाईचं वाक्य माझ्या प्रत्येक कणात ओरडत होतं. पण ते ऐकणार कोण? त्यांनी मला काढलं, डोकं गार पाण्याखाली धरलं आणि लवकर झोपायला गेले. मी न्हाणीघरातल्या खिळ्यावर टांगलेली. शेजारी रिकामी पुडी.

सकाळी बेडकीची आई पहिल्या पाळीला लवकर निघून गेली होती. शिट्टीसर आरशासमोर आले. मी त्यांना पाहिलं आणि क्षणभर ओळखलंच नाही. कपाळ पुढे आलं होतं. पापण्या फुगून, दोन शिंपले मिटावेत तशा मिटत आल्या होत्या. मधे नुसती चीर. ते बराच वेळ आरशात बघत उभे राहिले. मग त्यांनी काळ्या काचांचा पोहण्याचा गॉगल घेतला आणि घरातूनच लावला.

"घरातूनच हीरोगिरी?" बेडकी दप्तरात टॉवेल कोंबत म्हणाली.

"आज पालक बघणार आहेत ना," शिट्टीसर म्हणाले. आवाज जरा जड होता. तिला वाटलं, झोपेतला असेल.

सायकलवर ती मागे बसली. मी शिट्टीसरांच्या खिशात, अर्धी बाहेर डोकावत. वाटेत सायकल एकदा कठड्याला घासली. पुढे एकदा खड्ड्यात गेली, जो खड्डा ते वर्षानुवर्षं न बघता चुकवत आले होते. "काय रे बाबा!" बेडकी ओरडली.

तलावावर त्यांनी खुर्चीच्या दांड्या चाचपत वर चढून मान खाली वळवली. वॉचमनकाका किल्ली घेऊन उभे होते. "काय सर, रेघ?"

"दिसली."

मी खिशातून ऐकलं. आणि मित्रांनो, त्यांनी मान वळवली होती खरी, पण ती रेघेच्या बाजूला नव्हती.

कुलूप निघालं. पोरं आत धावली. पाणी उसळलं, पालक बाकांवर बसले, कुणी बिस्किटं काढली, कुणी मोबाईल. परीक्षा चालू असतानाही दोरीच्या अलीकडे, उथळ बाजूला मुलांना पोहायला मोकळीक होती. शिट्टीसर खुर्चीत ताठ बसलेले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय करडी नजर आहे! काळं कुळकुळीत डोकं उन्हात चमकत होतं. मॅनेजर जवळून जाताना म्हणाले, "वा! आज एकदम तरुण."

मला मात्र खुर्चीवरच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता. तो आत जाताना बारीक वाजत होता.

नव्या पोरांची परीक्षा झाली. टाळ्या पडल्या. पुतळा पुन्हा तळाशी गेला आणि शिट्टीसरांचं नाव पुकारलं गेलं. ते एकेक पायरी चाचपत खाली उतरले. बेडकी गार पाण्याची बादली घेऊन उभीच होती. तिने नेहमीसारखं त्यांचं डोकं भिजवलं आणि तिचा हात थांबला. पाण्याखालीही ते डोकं भाजत होतं.

शिट्टीसरांनी मला खिशातून काढलं आणि चढवायला लागले. मी गेले नाही. त्यांनी ओढलं. मी जीव खाऊन ताणले, मित्रांनो, कधी नव्हे इतकी. कपाळाजवळ टरकन आवाज झाला.

बाकांवर कुणीतरी हसलं. "टोपी फाटली वाटतं."

"आकसली म्हातारी," शिट्टीसर पुटपुटले. "कालपासून आकसली आहे."

बेडकीने मला त्यांच्या हातातून घेतलं. का ते तिलाही माहीत नव्हतं. सवयीने तिने मला आपल्या डोक्यावर घातलं. मी फाटलेली, तरी सरळ घसरत खाली आले आणि भुवयांवर थांबले. अगदी तिच्या वाढदिवसाला थांबले होते तिथेच.

तिने बोटांनी माझी कड चाचपली. मग हळूच म्हणाली, "बाबा, टोपी तेवढीच आहे."

"बेडके, दे इकडे."

"टोपी तेवढीच आहे. तुझं डोकं वाढलंय."

"आज नको, बेडके." इतक्या हळू, की फक्त आम्हा दोघींनाच ऐकू यावं. "आजचा दिवस जाऊ दे. हात जोडतो."

बापाने असे हात जोडलेले तिने कधी पाहिले नव्हते. मॅनेजर घड्याळाकडे बघत होते. दीडशे पोरं पाण्यात होती की दोनशे, कुणास ठाऊक. बेडकीने त्यांच्या काळ्या काचांकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, रेघ दिसते का?"

शिट्टीसरांनी मान पाण्याकडे वळवली.

"पुतळा कुठे पडलाय? बोट दाखव फक्त."

त्यांनी हात उचलला. मग तो अर्ध्यातच थांबला आणि खाली गेला.

बेडकीने त्यांच्या गळ्यातली शिट्टी ओढून घेतली आणि तोंडाला लावली. एक लांब. दुसरी लांब. तिसरी तर इतकी लांब, की मला वाटलं ही आता श्वास संपून पडणार.

आणि काय सांगू! सगळा तलाव बाहेर आला. कुणी विचारलं नाही, कुणी रेंगाळलं नाही. तशी सवय शिट्टीसरांनीच लावली होती त्यांना. पाणी मोकळं झालं, हळूहळू शांत झालं, आणि तेव्हा सगळ्यांना ती दिसली. लाल पोशाखातली एक चिमुरडी. दोरीच्या पलीकडे, खोल बाजूच्या शिडीला दोन्ही हातांनी लटकलेली, ओठ निळे पडलेले, ओरडायचं त्राणही न उरलेली. ती तिकडे कधी गेली, कुणी पाहिलं नव्हतं. ती शिडी उंच खुर्चीच्या अगदी समोर होती.

एका नव्या जीवरक्षकाने तिला उचलून काढलं. मॅनेजर धावत आले. "कोणी वाजवली? काय पोरखेळ चाललाय?"

तेव्हा शिट्टीसरांनी गॉगल काढला. बाकांवरची एक बाई "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात धरून उठली. शिट्टीसरांनी शेवटपर्यंत नियमच सांगितला. सुजलेल्या ओठांनी, जड जिभेने, "तीन झाल्या... की बाहेर." आणि मग ते गुडघ्यांवर बसले, कारण श्वास नीट येत नव्हता.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मी बेडकीच्या डोक्यावरच होते. काढायचं तिला सुचलंच नाही. दवाखान्यात सुया झाल्या, नळ्या झाल्या. डॉक्टरबाईंनी विचारलं, केसांना काय लावता, आणि बेडकीने सगळं सांगितलं. पूड, खाज, लांबलेला वेळ, मी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरीच वर्षं लावून काही होत नाही म्हणजे पुढेही होणार नाही, असं नसतं. एकदा खाज सुरू झाली की दर वेळी जास्तच होत जातं. या अवस्थेत ते पाण्यात उतरले असते, तर..." त्यांनी बेडकीकडे पाहिलं आणि वाक्य बदललं. "उतरले नाहीत, हे फार बरं झालं."

बेडकीची आई लाँड्रीतून तशीच धावत आली, हाताला इस्त्रीचा वास. नवऱ्याचं डोकं तोवर भादरून टाकलं होतं. ती खूप वेळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, निदान अभ्रे तरी आता पांढरे राहतील."

माझं ठिगळ बेडकीने लावलं. सायकलच्या डबीतलं, चिकटवून, वर जड वरवंटा ठेवून. तिने मला टाकलं नाही. आता दर वाढदिवसाला ती मला घालते, आणि हल्ली बापाच्या डोक्यावरही चढवून बघते. घट्ट नाही ना, याची खात्री करायला. तिच्या वर्गातल्या एकीने केसांची टोकं निळी केली, तेव्हा बेडकीने तिला आमच्या सगळ्या चांगल्या युक्त्या शिकवल्या. आधी साधं पाणी, तेलाचं बोट, टोपी, गार पाणी, शाम्पू कमी. स्वस्तात रंग टिकतो, काही खोटं नाही. पण पहिली अट अशी, की आधी कानामागे थेंब लावून दोन दिवस थांबायचं. ती मैत्रीण म्हणाली, "दोन दिवस कोण थांबतंय!" बेडकीने मला पिशवीतून काढून तिच्यासमोर उलटी केली. मैत्रीण थांबली.

शिट्टीसर तलावावर परतले, पण उंच खुर्चीत नाही. तिथे आता एक पिळदार पोरगा बसतो. शिट्टीसर उथळ बाजूला लहान मुलांना पाय मारायला शिकवतात. पगार कमी झाला. डोक्यावर पांढरे खुंट उगवलेत आणि पोरं म्हणतात, "शिट्टीसर, बर्फ पडला!" ते म्हणतात, "मग भिजा थंड पाण्यात!" पण रोज सकाळी तो पोरगा "रेघ दिसली" म्हणाला, की ते खालून ओरडतात, "बघून म्हण!"

इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मलाही तसंच वाटत होतं.

पण परवा मी कपडे बदलण्याच्या खोलीत खुंटीवर टांगलेली होते. मॅनेजर आत आले, आरशासमोर उभे राहिले आणि भांग सारखा करू लागले. तेच पेनाने काढल्यासारखे काळे केस. मग त्यांचा हात मागे गेला. उजव्या कानामागे. एक बोट, हळूहळू, खाली-वर.

मी त्या डोक्यावर कधीही बसलेले नाही. पण ते बोट मी ओळखलं.

शिट्टीसर ओला टॉवेल पिळत दारात उभे होते. त्यांनीही ते पाहिलं. "साहेब, खाजतंय का?" त्यांनी विचारलं.

मॅनेजरांनी झटकन हात खाली घेतला. "छे! डास चावला असेल," ते म्हणाले आणि निघून गेले.

शिट्टीसरांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली आणि ते मॅनेजरांच्या मागे चालू लागले.

मित्रांनो, आता बघा तुमच्या घरातल्या मोठ्यांकडे. कुणी आरशासमोर जरा जास्त वेळ उभं राहतं का? कुणाच्या उशीवर डाग असतात का? कुणी कानामागे बोट नेऊन म्हणतं का, की काही नाही, डास आहे? वय दिसण्याची त्यांना लाज वाटत असेल, भीती वाटत असेल. रागावू नका. पण गप्पही बसू नका. मी इतक्या वर्षांत सगळ्यांच्या आधी सगळं ओळखलं आणि खुंटीवर लोंबत राहिले, कारण मला तोंड नाही.

तुम्हाला आहे. आणि तीन शिट्ट्या कुणीही मारल्या तरी चालतात.